आखूड तोंडाची कुट्टी

सुलक्षणा दूध तापवत होती. तिच्या नवऱ्याने, सत्यजीतने, लॅपटॉप आणून ओट्यावर ठेवला. "ड्रॉइंग दुपारपर्यंत होईल ना? कारखान्याचे मालक मागं लागलेत."

तिने हात पुसले आणि मान हलवली.

लग्नाआधी ती कारेगावच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर होती. पोरीची नोकरी सुरू राहील, असा शब्द तिच्या सासऱ्यांनी, हौसरावांनी, बैठकीत चार माणसांसमोर दिला होता. शिरूरच्या घरात ती नांदायला आली, पाहुणे पांगले, आणि तेच हौसराव म्हणाले, "आमच्या घरातली बाई कंपनीच्या बससाठी चौकात हुभी ऱ्हात न्हाई."

"जाऊ द्या की तिला. शिकलीया ती," सासूबाई, विठाबाई, एवढंच म्हणाल्या. त्यांना कुणी उत्तरही दिलं नाही.

सत्यजीत शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनचं काम बघायचा. माणूस वाईट नव्हता, पण बापापुढे त्याचं तोंड उघडत नसे. हळूहळू त्याची ड्रॉइंग्ज याच स्वयंपाकघरात होऊ लागली. काम तिचं, नाव त्याचं.

आता चारा कापायची कडबाकुट्टी करायची होती. जुन्या यंत्रात विठाबाई कशा वाकून वैरण रेटतात, हे सुलक्षणा रोज बघत होती. म्हणून चारा घालायचं पत्र्याचं तोंड तिने लांब ठेवलं, वरून झाकलेलं. कितीही आत घातला तरी हात पात्यापर्यंत पोहोचणार नाही, असं.

"एवढा पत्रा कशाला? आखूड करा," मालक म्हणाले. लांब का ठेवलंय, हे सत्यजीतला सांगता येईना. घरी विचारून सांगतो, असं म्हणायची लाज वाटली. त्यानेच तोंड आखूड करून टाकलं. घरी बोलला नाही.

पहिली कुट्टी हौसरावांनी आपल्याच गोठ्यात आणली. हार घातला, भावकीला बोलावलं. "पोरानं बनीवलीया." सुलक्षणा आत सगळ्यांचा चहा गाळत होती. पुढचे काही दिवसही घरकामातून गोठ्याकडे जायला तिला सवड झाली नाही.

आठवडाही झाला नसेल. ओली मका रेटताना विठाबाईंची बांगडी अडकली. उजवा हात मनगटापासून गेला.

"म्हातारीचं ध्यान नव्हतं," दवाखान्यात जो तो हेच म्हणत होता. सासूचे कपडे आणायला सुलक्षणा घरी आली आणि गोठ्यात गेली. तिने यंत्राच्या तोंडाशी आपला हात धरून पाहिला. तोंड आखूड होतं; हात सरळ पात्यापर्यंत पोहोचत होता.

दवाखान्यात परत आल्यावर तिने सत्यजीतला विचारलं, "कुणी आखूड केलं?"

त्याने खाली मान घातली.

"आबा, आत्यांची चूक नव्हती," ती हौसरावांना म्हणाली. "तोंड मी लांब काढलं होतं. अशाच कुट्ट्या दौंडकडं गेल्यात. मी उद्या कारखान्यात जाऊन सांगणार हाय."

"आन् पोराची नोकरी? घराची अब्रू?"

"तिथं बी कुणीतरी चारा घालतच असंल, आबा."

हौसराव उठले. तेवढ्यात खाटेवरून विठाबाईंचा क्षीण आवाज आला. "जाऊ द्या तिला." हे त्या दुसऱ्यांदा म्हणत होत्या. या वेळी हौसराव खाली बसले.

मालक आधी चिडले, मग घाबरले, मग तोंडं बदलून द्यायला तयार झाले. सत्यजीतची नोकरी गेली. विकलेल्या कुट्ट्यांना लांब तोंड बसवायला सुलक्षणा स्वतः फिटरबरोबर फिरू लागली.

केडगावजवळच्या एका वस्तीवर झुंबरबाई नावाची बाई गोठ्यातून बाहेर आली. तिच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. दोन बोटं गेली होती. "घरचे म्हनले, तुझंच ध्यान न्हवतं," ती म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "ताई, ह्ये यंतर काढलं तरी कुणी?"

फिटरने सुलक्षणाकडे पाहिलं. 'दुसऱ्यानं आखूड केलं' असं सांगता आलं असतं. खोटंही नव्हतं ते.

"मी," सुलक्षणा म्हणाली.

लग्नानंतर आपल्या कामाला, त्यातल्या चुकीसकट, तिने पहिल्यांदाच आपलं म्हटलं होतं. तिने झुंबरबाईचा हात आपल्या हातात घेतला आणि फिटरला काम सुरू करायला खुणावलं.