देव्हाऱ्यातलं परदेशी मेडल

मी एक मेडल बोलतोय. पण आधी तुम्ही कोण ते सांगा. यादी घेऊन आला असाल, तर मी घरी नाही.

चांदीचा तारा, वर लाल मीना, मध्ये बंदूकवाला शिपाई, पाठीला स्क्रू. दुसऱ्या महायुद्धात सोलताननं फुटक्या पायानं गोळीबारातून तीन जखमी साथीदार ओढून आणले, म्हणून रशियाच्या सरकारनं मला त्याच्या छातीवर लावलं. सोलतान काराचाय जमातीचा, कॉकेशसच्या डोंगरातला. पाय बरा करायला तो घरी आला, आणि मागून त्याच सरकारचे ट्रक आले. तुमची अख्खी जमात गद्दार, म्हणाले. हातात यादी. "थोड्याच दिवसांचं आहे, सामान कमी घ्या." सोलताननं मला पुढं केलं. अधिकाऱ्यानं मला कडक सॅल्यूट ठोकला आणि सोलतानला गाडीत कोंबलं.

उतरवलं किर्गिझस्तानात. परत जायची परवानगी आली, तेव्हा त्याला मरून तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून माझा कोणावर भरवसा नाही.

त्याच्या मुलीकडे, आता म्हातारीच ती, पुढं अक्षदा भाड्यानं राहिली, महाडजवळच्या वरंधच्या वरच्या वाडीतली, तिकडे डॉक्टरकी शिकायला गेलेली. सुट्टीत निघताना म्हातारीनं मला तिच्या हातात ठेवलं. "तुझ्या गावाला डोंगर आहेत ना? बाबांना तिथं ठेव." मला कोणी विचारलं नाही.

अक्षदाच्या आईनं, मंजुळाबाईनं, मला उलटसुलट करून बघितलं.

"कुणाचा गो ह्यो?"

"लढाईतल्या शिपायाचा, आये."

"मंग वीरच हाय."

झालं! देव्हाऱ्यात चांदीचे टाक, म्हणजे घरचे देव आणि लढाईत गेलेले पूर्वज. त्यांच्या ओळीत मी. रोज आंघोळ, हळद, फूल. मला संशय आला. मागच्या वेळीही आधी सत्कारच झाला होता.

जुलैत वरच्या डोंगराला भेग पडली. तलाठी आला. हातात यादी, दारात ट्रक.

"काकू, थोड्याच दिवसांचं आहे. सामान कमी घ्या."

शब्दन् शब्द तोच! मला घाम फुटला. शेजारच्या खंडोबाला वाटलं, अभिषेकाचं पाणी राहिलंय.

मंजुळाबाई हटेना. "माझा देव हलला तर मी हलंन."

"आये, डोंगर हललाय, तो बघ की!"

"डोंगर सरकारचा. देव माझा."

शाबास, मी मनात म्हटलं. तेवढ्यात ट्रक सुरू झाला. तो आवाज मला सोसत नाही. ठरवलं, खंडोबाच्या मागं लपायचं. पण स्क्रूमुळे मी आधीच डुगडुगता. एक गिरकी घेतली आणि थेट मंजुळाबाईच्या पायावर.

"देव हलला!"

दोन मिनिटांत ती ट्रकात, मी तिच्या पदरात, आणि तिच्यामागं अख्खी वाडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दरड आली. आता तिथं घर नाही. माणसं सगळी आहेत.

सध्या मुक्काम महाडच्या एका शाळेत, सातवी ब, फळ्याखाली. लोक नारळ आणतात. "ह्यानंच वाडी वाचवली!" मी पळत होतो, हे सांगू कुणाला?

तलाठी येतो. "नवी घरं मिळणार, काकू."

"कंधी?"

"लवकरच."

काल तिनं नव्या घरांची यादी मागून घेतली, बोट ठेवून एकेक नाव वाचलं आणि शेवटी अक्षदाकडून ऐकलेलं एक वाढवायला लावलं. सोलतान.

"हे कोण? राहणार कुठले?"

"डोंगरातला हाय. त्याला कुणी परत नेला नाय. आमच्याबरोबर येल."

तलाठ्यानं लिहिलं. पेननं, मी बघितलं.

तेव्हा बाबांनो, ती यादी तुमच्या टेबलावर आली, तर तेवढं नाव खोडू नका. तोवर मी फळ्याखाली बसलोय. मी डुगडुगू नये म्हणून अक्षदा स्क्रू कापून देते म्हणत होती. मी मनात म्हटलं, राहू दे.