घरगाडीवरची पावलं

मित्रांनो, लखनौच्या तेलीबागेत एका घराच्या जिन्याखाली, बिघडलेल्या कूलरच्या शेजारी मी पडून असतो. विजेवर फिरणारा एक जुना पॉलिशर, हीच माझी ओळख. पोटात मोटर, पाठीवर मूठ आणि पुढे गरगर फिरणारी तबकडी, एवढाच माझा देह. तबकडीला टोपी चढवली की मी कामाला तयार. आज मी बोडका आहे. माझी लोकरीची टोपी कुठे गेली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. आई-बाप कोण, ठाऊक नाही. डोळे उघडले ते लाटूश रोडवरच्या एका दुकानात. एकोणीसशे त्र्याण्णव साली मधुसूदनरावांनी मला तिथून उचलून या घरी आणलं. ते मूळचे साताऱ्याचे, रेल्वेत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर माणसं गावाकडे घर बांधतात. यांनी एक जुनी मिनी बस घेतली. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी आणि मुठीएवढं देवघर बसवलं आणि तिचं नाव ठेवलं घरगाडी. "जिथे कीर्तन, तिथे आपलं घर," असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई त्यांच्याहून कीर्तनवेड्या. कानपूर असो की झाशी, कुणी बुवा उभे राहणार असं कळलं की यांचा डबा भरलाच म्हणून समजा.

घरगाडीच्या दारापाशी पद्मिनीबाईंनी स्वतः एक चित्र काढलं होतं. गंगेचा काठ, केवटाची नाव, आणि नावेत बसण्याआधी केवट रामाचे पाय धुतो आहे. ही कथा त्यांनी कीर्तनात ऐकलेली. रामाच्या पायधुळीने शिळेची बाई झाली, तशी माझ्या नावेचीही झाली तर मी पोट कशावर भरू, असं म्हणून केवट हटून बसतो. चांगलाच चतुर होता! बाईंचा हात मोठा सढळ. भाजीत तेल आणि चित्रात रंग त्यांनी कधी मोजून घातला नाही. त्यामुळे नदीच्या लाटा, नावेची कड, रामाची पावलं, सगळं पत्र्यावर उठून आलं होतं.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. दिवा-अंधारसुद्धा कळेना. मग रोज सकाळी आंघोळ करून त्या बाहेर येत, पत्र्यावरून बोटं फिरवत लाटा ओलांडत आणि पावलांवर थांबत. तीच बोटं कपाळाला लावत. एवढं झालं की चहा.

मी महिन्यातून एकदा घरगाडीला मेण लावून चमकवत असे. मधुसूदनराव चित्रापाशी आले की मला बाजूला धरत. "इथे नाही हं, महाराज," असं मला म्हणत आणि तेवढा भाग मऊ फडक्याने हलकेच पुसत. खंडेनवमीला पद्मिनीबाई चाचपत येऊन मला गंध लावत. "हाही आपला साथीदारच," त्या हसत, "एकच सूर धरतो, पण सोडत नाही." माझं कुणी एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

एका वर्षी रामनवमीला लखनौच्या मराठी मंडळींनी नागपूरहून बाळकृष्णबुवांना बोलावलं होतं. उतरायची सोय घरगाडीत. मधुसूदनराव त्यांना आणायला चारबाग स्टेशनवर गेले. मुलगा निनाद सुट्टीवर घरीच होता. पद्मिनीबाई सुंठवडा कुटता कुटता आतून म्हणाल्या, "निनाद, गाडी समईसारखी लख्ख झाली पाहिजे हं. बुवा राहणार आहेत."

"हाँ आई! ऐसी चमकाऊँगा कि बुवा उसी में देखकर पगड़ी बाँधेंगे."

"वाकडी बांधली गेली तर कीर्तनात तुझंच नाव घेतील."

मुलगा मायेचा होता, कामाला वाघ होता. फक्त बाबा मला कुठे थांबवतात, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने सगळ्या गाडीवर मेण फासलं, चित्रावरही. ते वाळलं आणि रंगाच्या उंचवट्यांच्या खाचांत पांढरं होऊन बसलं. राम पिठात लोळल्यासारखा दिसू लागला. "अरे यार, ये तो और गंदा हो गया," तो पुटपुटला. मग त्याने माझी मऊ टोपी काढली, लोकरीची चढवली, तिच्यावर गंजके पत्रे घासायचा रवाळ लेप घेतला आणि मला चित्रावर टेकवलं.

मित्रांनो, लोकरीला आधी निळा रंग लागला. मला तेव्हाच समजलं. लाटा झिजत होत्या. मी ओरडलो, पण माझं ओरडणं आणि माझं काम यांचा आवाज एकच आहे. घूंऽऽ घूंऽऽ. निनादला वाटलं, मशीन मस्त चाललंय. मी विजेची वाट पाहू लागलो. आमच्याकडे वीज कधी जात नाही? दळण अर्धं असताना जाते, बातम्या लागल्या की जाते. देवा, आत्ता ने, असं म्हणत मी फिरत राहिलो. त्या दिवशी ती गेली नाही. मग पिवळा रंग लागला. ती पावलं होती.

मधुसूदनराव बुवांना घेऊन आले. "वा, आरसाच की हो!" बुवा म्हणाले. मधुसूदनराव थेट दारापाशी गेले. ते चित्राकडे बघत राहिले. रंग पूर्वीपेक्षा उजळ दिसत होते, आणि सगळं पाण्यासारखं सपाट झालं होतं.

पद्मिनीबाई पदराला हात पुसत आल्या. बुवांना नमस्कार करून म्हणाल्या, "थांबा, आधी पावलं घेते." त्यांची बोटं पत्र्यावरून निघाली ती घसरत थेट दाराच्या मुठीवर गेली. परत आली. पुन्हा गेली.

"निनाद, पाय कुठे गेले रे?"

"यहीं तो हैं आई. चमक रहे हैं."

"मग मला का सापडत नाहीत?"

निनादने चित्रावरून हात फिरवून पाहिला. एरवी हिंदीतच उत्तर देणारा तो मुलगा म्हणाला, "आई, मला कळलं नाही गं."

"मीच म्हटलं ना, समईसारखी लख्ख कर," त्या हळूच म्हणाल्या. "समई घासायच्या आधी वात काढून ठेवतात. तेवढं सांगायचं राहिलं माझं."

"उद्या पेंटर बोलावतो," मधुसूदनराव म्हणाले.

"त्याचा रंग तुम्हाला दिसेल हो. माझ्या बोटांना त्याची ओळख नाही."

मग त्यांनी मला मागितलं. मला मांडीवर घेऊन त्यांनी लोकर चाचपली. ती रंगाने ताठ झाली होती, चिमटीत धरली की भुकटी पडत होती. "केवट पाय धूत होता तो पायधुळीच्या भयाने," त्या म्हणाल्या. "बघा, धूळ शेवटी कुणाच्या पदरात पडली." आणि त्यांनी माझ्या टोपीवर कपाळ टेकवलं. नको हो आई, मीच ती पावलं पुसली, असं म्हणायला मला तोंड नव्हतं. बुवांनी तिथेच, टाळ-मृदंगाशिवाय, रामनाम घेतलं. 

ती टोपी आता घरगाडीच्या देवघरात, तांब्याच्या डबीत आहे. मला नवी कुणी आणली नाही, आणि आणा असं म्हणायची मला लाजही वाटते.

मित्रांनो, वस्तूंवर माया करा, त्यांना स्वच्छ ठेवा. पण घासायच्या आधी घरात विचारा, हिला कोण हात लावतं आणि कशासाठी. आम्हा यंत्रांना नको म्हणता येत नाही. ते तुम्हीच म्हणायचं असतं.

रोज सकाळी पद्मिनीबाईंची पावलं माझ्या डोक्यावरचा जिना उतरतात. घरगाडीचं दार वाजतं, मग डबीचं झाकण. बोटाला लागून थोडी भुकटी रोज कमी होते. मी इथे जिन्याखाली ऐकत असतो.