पाटावरच्या चार बॅटऱ्या

बॅटरीच्या पितळी पट्टीवर, नेमकं जिथून वीज बाहेर पडायची तिथंच, ओल्या कुंकवाचं बोट उठलेलं होतं, आणि त्यात तांदळाचा एक दाणा असा ऐटीत रुतून बसला होता की हर्षा वाकून नुसती बघतच राहिली. मग दुसरी बॅटरी पाहिली. तिसरी. चौथी. चारही जणी ओळीनं पाटावर, रंधा, करवत, पटाशी, वाकस यांच्या पंगतीत, हळदकुंकू लावून, झेंडूचं एकेक फूल डोक्यावर घेऊन... आणि शेजारी ते बिनवायरचं ड्रिल, त्याच्या टोकाला दोरा गुंडाळलेला. अगं आई गं! आजच? आजच सुचायचं होतं हे? भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

दहाला डॉक्टर धीरज त्याच्या थीसिसची फ्लॉपी न्यायला येणार. साडेदहाला त्याचे सर छापलेल्या थीसिसवर सही करून गावाला जाणार, ते महिनाभर परत येणार नाहीत, आणि महिन्यानं सही घेऊन काय करायचं, लोणचं? तारीख तर दसऱ्यानंतर चार दिवसांनी संपतेय. एकशे बारा पानं तिनं टाइप केली होती, रक्तातल्या साखरेचे सगळे तक्ते मारले होते, राहिली होती फक्त शेवटची संदर्भांची यादी. अर्ध्या तासाचं काम. आणि लाइन सकाळी सहालाच गेलेली, ती अकराला येणार. हे काही नवीन नव्हतं. दोन वर्षं झाली, सावंगीतलं पोरगंही झोपेतून उठवलं तरी लोडशेडिंगचं वेळापत्रक घडाघडा म्हणून दाखवील. म्हणूनच तर ती बॅटऱ्यांची पेटी होती. पेटीवर कंप्युटर बरोब्बर अर्धा तास चालायचा. सगळं कसं नीट बसलं होतं... आणि पेटीच्या पोटातल्या बॅटऱ्या पाटावर बसून प्रसादाची वाट बघत होत्या.

धीरजचं काम चुकलं की संपलंच. त्याच्या मागे त्याच्या बॅचचे पाच जण होते, आज तो जे सांगेल ते ऐकणारे. ‘त्या बाईंकडे वेळेवर होत नाही’ एवढं एकच वाक्य पुरे. पाचही जण वर्ध्याच्या चौकातल्या दुकानात जातील, तिथं जनरेटर आहे, एसी आहे, तिथं कुणाची सासू बॅटरीला कुंकू लावत नाही.

पेटी गजेंद्रनं केली होती, हे कबूल. तिचा नवरा सुतार, दवाखान्याच्या वॉर्डांत कपाटं बसवायला जायचा. त्याच्या ड्रिलला चार बॅटऱ्या होत्या आणि एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं की या संध्याकाळी रिकाम्याच पडून असतात ना, मग घरी का चालू नयेत? सागाच्या उरलेल्या फळ्यांची पेटी, आत चार खाचा, गाडीत लावतात तसला लहानसा इन्व्हर्टर, वर कडी, उचलून कुठंही न्यावी. काय सुबक केली होती! गल्लीतले लोक बघायला आले. तो मात्र तेवढ्यावर खूश. रोज बॅटऱ्या आठवणीनं परत आणाव्या लागतात, भरून आणाव्या लागतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. एखाद्या दिवशी तिथंच विसरायचा. एखाद्या दिवशी येता येता ओळखीच्या बंडूजींच्या घरी पडद्याचा दांडा बसवून द्यायचा, तोही फुकटात, आणि बॅटऱ्या घरी यायच्या कोरड्या ठणठणीत. “अहो, आणल्या का?” “अहो, भरल्या का?” मी काय बॅटऱ्यांची चौकीदार आहे?... दुसऱ्यांच्या कपाटांना गुळगुळीत दारं बसवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातलं कपाट तीन वर्षं एका बिजागरीवर लोंबकळतंय. आणि काल, कधी नव्हे तो, चारही भरून वेळेवर घेऊन आला होता. काल तिला त्याच्याबद्दल किती बरं वाटलं होतं, चहात साखर जास्त घातली होती तिनं!

“आई!” तिनं हाक मारली, आणि हाकेतच भांडण होतं. “त्या बॅटऱ्या काऊन काढल्या पेटीतून?”

देवकाबाई स्वयंपाकघरातून पुरणाचे हात घेऊन आल्या. “खंडेनवमी हाय ना आज. अवजारं पुजाची असतात.”

“पन त्या बॅटऱ्या आहेत!”

“मशीनच्या हायत ना? मशीन अवजार, मंग त्याच्या बॅटऱ्या का पाहुण्या हायत?” देवकाबाईंनी असं बघितलं की जणू सूनच अडाणी. “फडक्यानं पुसल्या बी चांगल्या. वल्ल्या फडक्यानं.”

ओल्या फडक्यानं. हर्षाला हसावं की डोकं आपटावं कळेना. आणि आज उचलायच्याही नाहीत. या घरात खंडेनवमीला अवजार उचललं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत सासूचं तोंड फुगलेलं. वर्षभर ज्याला कशाचीच घाई नसते, कशाचाच नेम नसतो, तो गजेंद्रही आज एवढा एक नेम मात्र कडक पाळणार. बरोबर आहे. माझं काम असलं की सगळ्यांना धर्म आठवतो. वटसावित्रीलाही असंच, महालक्ष्म्यांनाही असंच, ‘तुयं काय, होईल मंग’... ती ताडकन वळली. बॅटरी नाही तर नाही, निदान फ्लॉपी तरी शोधून ठेवावी, निदान धीरजपुढं हात जोडावेत. कंप्युटरच्या टेबलाशी गेली आणि थबकली. टेबलावर धूळ नसलेला एक लांबट चौकोन होता. कीबोर्ड नव्हता.

ती पाटाशी परत आली. ड्रिलच्या पलीकडे, जिथं सासरे अण्णाजींची भोकं पाडायची जुनी गिरमिट ठेवलेली असते तिथं, तिचा कीबोर्ड. वायर गुंडाळून नीट बांधलेली. खालच्या लांब पट्टीवर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट.

“आई, हा काऊन?”

“तुयं अवजार नाई का ते?” देवकाबाई म्हणाल्या, आणि पुरणाकडे निघून गेल्या. जसं काही त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

हर्षा उभीच. तिचा राग अगदी ओठाशी आलेला होता, चांगला तापलेला, आणि आता तो टाकायचा कुणावर? त्या म्हातारीनं सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की तू त्या डब्यापुढं बसून करतेस काय. पण विचारलं नव्हतं म्हणजे बघितलं नव्हतं असं थोडंच? आणि मी... मी काय सांगत होते लोकांना? माहेरी देवळीला भावाच्या लग्नात वहिनीनं विचारलं तेव्हा आपण काय बोललो? ‘काही नाई गं, बसल्या बसल्या टाइमपास.’ रेशनकार्डाच्या अर्जात काय लिहिलं? गृहिणी. गजेंद्र शेजारच्यांना ‘हर्षा थीसिस करते’ म्हणाला तेव्हा लाजून त्यालाच गप्प केलं, ‘करते काय, नुसती बोटं चालवते.’ कुणी हिणवलं नव्हतं. हिणवायची वेळच येऊ दिली नव्हती तिनं. हिणवणं स्वतःच आधी उरकून टाकायची. तिला स्वतःचाच असा संताप आला की कानशिलं तापली.

गजेंद्र मारुतीला नारळ फोडून आला, कपाळाला शेंदूर लावून. घड्याळ बघितलं, पाट बघितला, बायकोचं तोंड बघितलं. “अरे बापरे,” एवढंच म्हणाला. मग आत डोकावून, “आई, हिचं दहाले काम हाय. मागून घेतो मी.”

“माग न मंग. तुया बाबा नव्हता मागत?”

हे हर्षानं कधीतरी ऐकलेलं होतं, रागात आठवलंच नव्हतं. सासरे अण्णाजी जिवंत असताना एका खंडेनवमीला शेजारच्या कमलाच्या घराचं दार फुगून बसलं होतं, आत तिचं लेकरू रडत होतं. अण्णाजी पाटापुढं उभे राहिले, हात जोडले, आपलं नाव सांगितलं, आपलं काम सांगितलं, आणि पटाशी उचलली. तेव्हापासून या घराचा कायदा: नाव सांगा, काम सांगा, मंग उचला. ज्याचं अवजार त्यानंच मागायचं. दुसऱ्यानं मागून चालत नाही.

गजेंद्रनं हात जोडले. “मी गजेंद्र, सुतार. काम पडलं, माफी द्या.” झालं. एका दमात. जसं ‘चहा टाक’ म्हणावं तसं. चारही बॅटऱ्या उचलून तो उंबऱ्यात उन्हाला बसलाही, सदऱ्याच्या टोकानं पट्ट्या पुसत, वर पॉलिश पेपरचा तुकडा फिरवत. “पंधरा मिन्टात बसवून देतो,” तो म्हणाला. या माणसाची पंधरा मिनिटं तिला चांगली माहीत होती, पण आज हात खरंच भराभरा चालत होता. “तू तुयं घे तोवर.”

तुयं घे. किती सोपं! हर्षानं हात जोडले. स्वयंपाकघराच्या दारात देवकाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसत्या बघत होत्या, साक्षीला उभं राहतात तशा. साडेनऊ. खुळेपणा आहे सगळा. उचलून घ्यावा सरळ. कोण काय करतंय? आधीच उशीर केलाय यांनी, आणि वर मलाच... पण हात काही पुढं होईना.

“मी हर्षा,” ती म्हणाली.

आणि पुढचा शब्द जिभेवर आला तो सवयीनं तोच, वर्षानुवर्षांचा, टाइमपास, आणि तो तिनं गिळला. टायपिंग? एवढंच? मग एकशे बारा पानं, ते तक्ते, धीरजच्या चुका न सांगता दुरुस्त करणं, हे कशात बसवायचं? सुताराला एक शब्द होता, तयार, बापाकडून आलेला. तिला स्वतःचा आता या क्षणी, उभ्या उभ्या, कुंकवाच्या ओल्या बोटापुढं शोधायचा होता. तिला या म्हातारीचा भयंकर राग आला.

“सांग बाई,” देवकाबाई म्हणाल्या. “घाई नाई.”

घाई नाई म्हणे! गल्लीच्या तोंडाशी धीरजच्या मोटरसायकलचा आवाज आला, अर्धा तास आधीच. हर्षानं मान वळवली नाही. तिनं जोडलेले हात आणखी घट्ट दाबले आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, या वेळी बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“मी हर्षा...”