सैल टोपी आणि पाण्यातलं एक मिनिट

मी एक जुनी सरकारी टोपी आहे. कपाळावर ओक आणि ऑलिव्हची जरीची पानं मिरवणारी! हसू नका मित्रांनो, ती पानं भरताना ल्यों शहरातल्या कारागीर बाईंना दोनदा चष्मा बदलावा लागला होता.

माझे पहिले धनी गास्पार दुव्हाल. ते प्रीफे होते, म्हणजे सगळ्या जिल्ह्याचा कारभार पाहणारे साहेब. ओदिल नावाची तरुण अधिकारी त्यांच्या हाताखाली शिकली. मग वीस वर्षं ती बदल्यांवर हिंडली, फायली उपसल्या, बोलणी खाल्ली. अखेर एका बुधवारी पॅरिसच्या मंत्रिमंडळाने तिला प्रीफे नेमलं, आणि म्हाताऱ्या साहेबांनी मला तिच्या हाती ठेवलं.

"साहेब, बायकांची टोपी निराळी असते. ही सैल होईल."

"मग डोकं वाढव!" ते म्हणाले. मी आनंदाने खोक्यात मावेना!

रुजू होण्याची रीत ठरलेली. नव्या प्रीफेने आधी युद्धस्मारकावर फुलं वाहायची, एक मिनिट स्तब्ध उभं राहायचं, मग काम. पण नोव्हेंबरातल्या त्या सकाळी ती आगगाडीतून उतरते न उतरते तोच ड्रायव्हर बाझील धावत आला. "मॅडम, नदी चढलीय! मूलाँ-बा गावातली एकेचाळीस माणसं हलायला तयार नाहीत. तासाभरात पूल बुडेल!"

हार राहिला, बँड राहिला. निघालो आम्ही तडक!

गावच्या चौकात घोट्याएवढं पाणी होतं आणि मेयर फिरमँ कूर्तियाद कमरेला तिरंगी पट्टा बांधून ठाण मांडून उभे होते. गाव सोडण्याचा कचेरीचा हुकूम त्यांनी खिशात कोंबला होता.

"हा कागद कुणाचा? जुने साहेब गेले, तुम्ही अजून रुजू नाही. फुलं वाहिलीत का?"

"अहो मेयरसाहेब, पाणी बघा!"

"पाणी मी सत्तर वर्षं बघतोय. आमच्या पोरांपुढे मान लववल्याशिवाय इथे कुणाचा हुकूम चालत नाही. आणि मी हललो नाही, तर गावही हलणार नाही."

बाझीलने कपाळावर हात मारला. ओदिलने मात्र खोका उघडून मला डोक्यावर चढवलं आणि मेयरांच्याच खिडकीतली शेवंतीची कुंडी उचलली. स्मारक चौकातच होतं. त्यावर लढाईत गेलेल्या नऊ पोरांची नावं होती, तिसरं कूर्तियाद. तिने एकेक नाव मोठ्याने वाचलं, कुंडी ठेवली आणि स्तब्ध उभी राहिली.

पाणी पोटऱ्यांना लागलं. "झालं का हो?" बाझील कुजबुजला.

"अजून वीस सेकंद."

काय सांगू, माझा धागा न् धागा थरथरत होता!

शेवटी तिने मान लववली आणि मी सैल ती, धप्पकन पाण्यात! मेयरांनीच वाकून मला उचललं. त्यांचे डोळे भरले होते. "माझ्या आजोबांचं नाव आजवर कुठल्या प्रीफेने वाचलं नव्हतं," ते म्हणाले आणि त्यांनी शिट्टी फुंकली. "चला रे सगळे! बाईंचा हुकूम आहे!"

एकेचाळीस माणसं, सात कुत्री आणि एक संतापलेलं बदक पूल ओलांडून आलं. सगळ्यांत शेवटी मेयर, मला छातीशी धरून. पाठोपाठ पूल दिसेनासा झाला.

आता ओदिल निवृत्त झाली आहे आणि मी कपाटावर असते. कसरीने माझं अस्तर खाल्लंय. सहा सहा महिने खोका उघडत नाही, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू अधूनमधून झटका, त्यांना ऊन दाखवा. मलाही कुणी ब्रश मारला तर हवाच आहे. फक्त माझ्या एका पानावर त्या नदीचा चिखल वाळलाय, तो घासू नका. ओदिलची पदकं खणात पडून आहेत, पण घरी पाहुणे आले की ती तो डाग दाखवते.