तिसरा सेन्सर

हेमेंद्रने पाना लावून सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर सोडवला आणि दिव्याखाली धरला. टोक काळं पडलं होतं. इंजिनातून काढलेला प्लग त्याहून काळा. प्लग काळा म्हणजे गाडी पेट्रोल जास्त पीत होती, आणि मीटर मात्र सकाळपासून पेट्रोल कमी पडतंय म्हणून सांगत होतं. मीटरचं ऐकून त्याने पेट्रोल वाढवलं, तर प्लग आणखी काळा झाला. दोघांपैकी कोणीतरी धडधडीत खोटं बोलत होतं आणि कोण, ते काही केल्या कळत नव्हतं.

इंजिनाच्या धुरात प्राणवायू किती उरला ते हा सेन्सर मोजतो, आणि त्यावरून इंजिनाचं खाणंपिणं ठरवायचं असतं. पहिला सेन्सर स्वस्तातला होता, नकली म्हणून त्याने फेकला. दुसरा हातातून फरशीवर पडला, तेव्हापासून त्याच्यावर भरवसा राहिला नाही. हा तिसरा अस्सल, पारखून घेतलेला. याला त्याने जिवापाड जपलं होतं. आधी तो तापू द्यायचा, मगच इंजिन सुरू करायचं, आणि काम झालं की नळीत तसाच सोडायचा नाही. एवढे लाड करूनही तो पहिल्या दोघांचीच री ओढत होता.

"भुपेंद्र, पाणी दे रे," मागून खाटेवरून दुलीचंद म्हणाले.

भुपेंद्र हा त्याचा थोरला भाऊ, तो नागपूरला राहायचा. हेमेंद्रने चूक न दाखवता वडिलांना पाणी दिलं. दिवाळीपासून त्यांचं असंच चाललं होतं. नावांची गल्लत, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, बसल्या बसल्या पेंग आणि सतत डोकेदुखी. जन्मभर मिलचा ट्रक चालवलेल्या या माणसाला इंजिनाच्या आवाजाशिवाय करमत नसे, म्हणून त्यांची खाट शेडमध्येच होती, तीही ऊब लागावी म्हणून गाडीच्या मागच्या अंगाला. येत्या रविवारी भुपेंद्र येऊन त्यांना नागपूरला नेणार होता. तपासण्या करायच्या आणि मग कायमचं तिकडेच ठेवायचं. दुलीचंदना जायचं नव्हतं. हेमेंद्रलाही त्यांना धाडायचं नव्हतं, पण काल ते रस्ता चुकून थेट रेल्वे फाटकापर्यंत गेले होते, आणि त्याने हो म्हणून टाकलं.

त्याच्या बायकोला, दुर्गेश्वरीला, मात्र हे म्हातारपण पटत नव्हतं. नवेगाव बांध इथे लेकीकडे राहिले तेव्हा बाबूजी ठणठणीत होते, नातवंडांचीच काय, शेजाऱ्यांच्या म्हशींचीही नावं त्यांना पाठ होती, असं ती सांगायची. लेकीकडे कोणाला बरं वाटत नाही, असं म्हणून हेमेंद्रने तिला उडवून लावलं होतं.

शेवटी त्याने सेन्सर विकणाऱ्याला फोन लावला आणि चांगलाच तडकला. पलीकडचा माणूस शांतपणे एकेक विचारत गेला. सेन्सर नळीतून काढून मोकळ्या हवेवर सेट केला होता का, म्हणजे चांगल्या हवेत प्राणवायू किती असतो ते त्याला आधी दाखवलं होतं का? केला होता, दर वेळी करतो. कुठे? इथेच, शेडमध्ये. शटर उघडं होतं का? छे, शेजारी राइस मिल आहे, उघडलं की सगळा कोंडा इंजिनात. त्याने तर खिडकीच्या फटींतही पोती कोंबली होती. हे ऐकून तो माणूस म्हणाला की इंजिन बंद ठेवा आणि सेन्सर घेऊन बाहेर जा, त्याला चांगली हवा कशी असते ते एकदा कळू द्या.

हेमेंद्र बॅटरी, मीटर आणि सेन्सर घेऊन मागच्या धानाच्या बांधीत गेला. तिथे त्याने सेन्सर सेट केला आणि मीटर नुसता प्राणवायू दाखवण्यावर लावून पाहिलं. आकडा जिथे हवा तिथे, चांगल्या हवेत असतो तसा एकवीस टक्क्यांना टेकून स्थिर उभा. हायसं वाटून तो परत शेडमध्ये शिरला, तर आकडा घसरायला लागला. तो बाहेर आला. आकडा चढला. पुन्हा आत गेला, पुन्हा घसरला. तिसराही गेला म्हणून त्याला रडूच यायचं बाकी होतं.

अंगणात धान पाखडणाऱ्या दुर्गेश्वरीने त्याच्या या येरझारा पाहून काय चाललंय ते विचारलं.

"काईच समजून नाई राहिलं," तो म्हणाला.

वायर कुठे ढिली आहे का, ते पाहत तो शेडमध्ये आणखी आत गेला. वायर घट्ट होती. गाडीपाशी आकडा उतरला, गाडीच्या मागे आणखी उतरला, आणि खाटेपाशी सगळ्यांत खाली जाऊन थांबला. खाटेवर दुलीचंद अर्धवट डोळे मिटून बसले होते. हातातलं पाणी तसंच होतं.

हेमेंद्रने मान वळवून पोती कोंबलेल्या खिडकीकडे पाहिलं. सेन्सर खोटं बोलत नव्हता. पहिले दोघेही बोलत नव्हते. शेडमध्ये गाडीचा विषारी धूर कोंडला होता, आणि तीच हवा चांगली म्हणून तो त्यांना दर वेळी दाखवत होता. त्याचं स्वतःचंही डोकं दुखायचं, पण गाडीची चाचणी घ्यायला तो तासन् तास रस्त्यावर असायचा. म्हातारा दिवसभर इथेच तो धूर घेत असायचा, आणि फटी बुजवणारा हात त्याचा स्वतःचा होता.

त्याने शटर पार वर ढकललं, दुर्गेश्वरीला ओरडून दवाखान्यासाठी ऑटो बोलवायला सांगितलं आणि वडिलांच्या काखेत हात घातला.

"बाबूजी, चला बाहेर. लवकर."

दुलीचंदनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"काऊन? माह्यं काई चुकलं का? रविवारी तर जाऊनच राहिलो ना मी. आजच कायले काढून राहिला?"

हेमेंद्रला हुंदका आवरेना.

"तुमचं काई नाई चुकलं, बाबूजी. इथली हवा खराब आहे."

दुलीचंदनी हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि हळूहळू थोपटलं.

"हवा नाई रे बापू," ते समजुतीने म्हणाले. "माह्यं डोकं खराब झालं आहे. तू रडू नको."

मग त्यांनी चाचपडत पायात चपला सरकवल्या आणि काही कुरकुर न करता त्याच्याबरोबर निघाले.