यंदा लखनौ

रविवारचं मटण गंजात शिजलं की आमच्या घरी सभा भरते. मुलगा रूपेश, नणंद गयाबाई आणि आमचे हे, पंजाबराव, तिघं ताटावर बसतात आणि मी उभी राहून वाढते. सगळ्यांचं होईस्तोवर गंजात पीस उरत नाही. मग मी रश्श्यात भाकर कुस्करते. लग्न होऊन आल्यापासून हेच चाललंय आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

हे रेल्वेत ड्रायव्हर होते. भिलाई-3 च्या यार्डातून गाडी घेऊन जायचे आणि परतले की डोंगरगडची भजी, गोंदियाचे समोसे, नागपूरचं सावजी, सगळं रंगवून सांगायचे. मी तोंडाला पाणी सुटेपर्यंत ऐकायची आणि पुढच्या ड्यूटीचा डबा भरायची. दोघं मिळून कुठं गेलो तर कुणाच्या लग्नाला, नाहीतर तेरवीला. तेव्हाही गाडीत माझ्याच दशम्या.

परवाच्या रविवारी जेवताना रूपेश म्हणाला, "आई, तुमा दोघांचं तीर्थयात्रेत नाव टाकून राहिलो. आत्या पण आहे. बस से जाना है, आराम से."

"तिथं जेवाले काय?"

"खाणं आपलंच नेऊ, वैनी," गयाबाई म्हणाल्या. "तुमच्या दशम्या मस्त टिकतात."

माझं डोकंच फिरलं. पळी गंजात टाकून दिली.

"मी नाही येत. आमी दोघं लखनौले जाऊ. सकाळी गरम कुलचे खायचे, येऊन झोपायचं. संध्याकाळी कबाब. इमामबाडा जमला त पाहू. मंग हैदराबाद, बिर्याणी. चारमिनार काही पळून नाही जात."

रूपेश हसला. "या उमरीत लोक तीर्थाले जातात, अन् तू कबाब खायले?"

"हो, कबाब खायले! देवाले घरूनच हात जोडते मी, रोज."

"लोक काय म्हणतीन?" गयाबाईंनी विचारलं.

"म्हणू द्या. त्याईनं कधी मले वाढलं?"

हे मान खाली घालून नळी चोखत होते. मटणातली नळी नेहमी ह्यांचीच.

"तुमी कावून चूप बसले?" मी म्हटलं. "साऱ्या लाइनवरचं तुमी खाल्लं, मी नुसतं ऐकलं. येता का नाही? नाही त एकटी जाईन."

ह्यांनी ताटातली दुसरी, न चोखलेली नळी माझ्याकडे सरकवली. "घे. तू खा."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. इतक्या वर्षांची समजूत एका नळीवर काढतात!

"नळी नको मले. तिकिटं काढा."

 हे उठले, हात धुतले, चष्मा लावला आणि रेल्वेच्या पासाचे कागद काढायला आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"दोनी बर्थ खालचेच पाहू ना?" त्यांनी आतून विचारलं.

"खालचेच!"

मी ह्यांच्या जागेवर बसले आणि स्वच्छ ताट पुढं ओढलं.

"रूपेश, उठ. वाढ मले. अन् पीस पाहून वाढजो."