एक फेज गेला तरी

ग्यानबानं बोर्डावरच्या तीन फ्यूजांतला मधला उपसला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि पटक्याच्या शेमल्यात गाठ मारून बांधून टाकला. मग गळती अडवायच्या नव्या दोरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन तो विहिरीच्या पायऱ्यांकडे वळला. पंप आत, पाण्याच्या वरच्या ओट्यावर होता आणि त्याच्या शाफ्टपाशी पाणी गळत होतं. जुनी दोरी उकरून नवी ठोकून बसवायची, म्हणजे अर्धा तास तरी हात शाफ्टलाच.

“लाइट नाहीच आत्ता. फ्यूज कशाला काढता, मामा?” दत्तरावनं हसत विचारलं.

“लाइट काय सांगून येती का, भाऊ? खटका पाडला तर कोनीबी चढवतंय. फ्यूज माझ्यापाशी हाय तवर मोटर हालत न्हाई.”

पंधरा वर्षं हा सालगडी असाच विहिरीत उतरत होता. दत्तरावला ती गाठ म्हणजे ताईतच वाटायची. पण आज त्याला वाद घालायला सवड नव्हती. शेजारचे बन्सीधरकाका डबा बघायला यायचे होते.

डबा म्हणजे खरोखरच डालड्याचा डबा. औरंगाबादहून डिप्लोमा करून आलेल्या दत्तरावनं नोकरीच्या अर्जांची वाट बघून बघून कंटाळल्यावर परभणीच्या रेडिओवाल्याकडून जुने रिले, ट्रान्झिस्टर आणले आणि चार महिने बोटं भाजून घेत तो डबा जुळवला. झरी गावात लाइट कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे हिरवं बटण दाबायला कुणीतरी विहिरीवर बसून राहायचं. आता त्याच्या जागी डबा बसला होता; सकाळीच दत्तरावनं तो बोर्डावर जोडला होता. लाइट आली की त्यावरचा लाल दिवा लागायचा आणि अर्ध्या मिनिटानं मोटर आपोआप सुरू व्हायची. वडिलांनी, आबासाहेबांनी, पोळ्यापर्यंत मुदत दिली होती. तोवर गिऱ्हाईक मिळालं तर ओसरीवरची खोली कारखान्याला, नाहीतर पोळ्यानंतर पुण्याला सख्ख्या मामाच्या ओळखीनं कुठंतरी चिकटायचं. आणि दत्तरावला गाव सोडायचं नव्हतं, साफ नव्हतं. बन्सीधरकाकांच्या भावकीत सात विहिरी होत्या.

आबासाहेब पाहुण्याला घेऊन शेताच्या धुऱ्यावरून येताना दिसले, तसा दत्तराव कपाशीतून त्यांना सामोरा गेला.

“काय इंजिनेर,” बन्सीधरकाका दुरूनच म्हणाले, “आपल्याकडं तीन फेज कवा धड असत्यात का? एखांदा नसला तर तुझा डबा काय करील?”

हा प्रश्न यावा म्हणून दत्तराव देव पाण्यात घालून बसला होता. दोन फेजांवर मोटर चालवणारे कंडेन्सर त्यानं डब्यात त्यासाठीच तर घातले होते.

“त्याचीच तर गंमत आहे, काका. एक फेज गेला तरी याला फरक पडत नाही. दोनावर सुद्धा मोटर उचल—”

तो मध्येच थांबला. एक फेज गेला काय आणि एक फ्यूज उपसला काय, डब्याला दोन्ही सारखंच.

त्याच वेळी गावाकडून पिठाच्या गिरणीचा आवाज सुरू झाला. लाइट आली होती.

दत्तराव पळत सुटला. कपाशीतून, सऱ्या तुडवत, मनातल्या मनात आकडे मोजत. एक चप्पल सुटली ती त्यानं सोडून दिली. बावीसला त्याचा हात खटक्यावर पडला. डब्यावरचा लाल दिवा विझला.

त्यानं विहिरीत वाकून पाहिलं. ग्यानबा एका हातानं शाफ्ट कवटाळून दोरी ठोकत होता.

“काय झालं, भाऊ?”

“काही नाही. वर या. मामा, आधी वर या.”

“दोन ठोके ऱ्हायलेत,” म्हणून ग्यानबानं ते दोन ठोके मारले आणि मगच वर आला. तोवर आबासाहेब आणि बन्सीधरकाका धापा टाकत पोचले होते.

दत्तराव गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. त्याच्या मनात ते येऊनही गेलं. पण ग्यानबा फ्यूज लावायला गाठ सोडू लागला, तेव्हा त्यानं त्याचा हात धरला.

“राहू द्या. तसाच राहू द्या आणि बघा.”

त्यानं खटका चढवला. लाल दिवा लागला. सगळे उभे राहिले. अर्ध्या मिनिटानं डब्यात टक्‌ झालं, मोटर घुमली आणि हौदात धो धो पाणी पडू लागलं.

“आरं वा!” बन्सीधरकाकांनी मांडीवर थाप मारली. “फ्यूज न्हाई तरी चालू! लय भारी काम केलंस. सातीच्या साती विहिरींला पायजेत बघ.”

आबासाहेबांचा चेहरा एवढा खुललेला दत्तरावनं निकाल लागला त्या दिवशीही पाहिला नव्हता.

“काका, हे मी दाखवलं ते... मगाशी मामा खाली होते. त्यांचा हात शाफ्टवर होता.”

“मंग? झालं न्हाई ना काई?”

ग्यानबा हौदाकडे बघतच नव्हता. विहिरीच्या काठाशी जाऊन तो खाली फिरणाऱ्या शाफ्टकडे बघत उभा होता. एक हात शेमल्याच्या गाठीवर होता. मग तो वळला.

“मंग भाऊ, आता उतरताना मी काय काढून न्यायचं?”

दत्तरावनं खटका पाडला. पाण्याची धार बारीक होत थांबली. खिशातून पेचकस काढून तो बोर्डावरचे स्क्रू सोडवू लागला.

“ए, काढायलास का?” बन्सीधरकाका म्हणाले. आबासाहेबांचा चेहरा उतरला.

वायरी सोडवून दत्तरावनं डबा उचलला आणि ग्यानबाच्या हातात दिला.

“सध्या हा न्या.”

ग्यानबानं डबा दोन्ही हातांनी धरला. तो त्यानं नीट घरी नेला. फ्यूजची गाठ मात्र सोडली नाही.